उसनं हसू

"हे हसू उचला काका, आणि तिथं ठेवा." निर्मातीबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "ती पोरगी वडिलांच्या आठवणीनं रडतेय ना, बरोबर तिच्या तिसऱ्या हुंदक्यावर."

कानसेननं हेडफोन उतरवले. तोंडावर काका म्हणत असले तरी स्टुडिओत त्याचं नाव कानसेनच होतं, आणि ते त्यानं कमावलेलं होतं. बावीस वर्षं तो आवाजाचे तुकडे जोडत आला होता आणि त्याचा सांधा आजवर कुणाच्या बापाला सापडला नव्हता. एका घरात बारा माणसं कोंडायची, त्यांच्या गळ्यात माईक अडकवायचे आणि रोज त्यातून तासाभराचं भांडण शिजवायचं, हा या कार्यक्रमाचा धंदा. कानसेनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. कुणाची शांतता ताणून त्यानं तिचा रुसवा केला होता, सोमवारचा सुस्कारा गुरुवारी लावला होता. पोटासाठी चालतं, असं तो स्वतःला समजावायचा.

पण हे हसू त्या बाराजणांतल्या नर्सबाईंचं होतं. आदल्या दिवशी स्वतःच करपवलेल्या भाजीवर त्या पोट धरून हसल्या होत्या. आणि पोरगी रडत होती तेव्हा त्या तिच्या शेजारी बसून होत्या. तोंडातून एक शब्द नाही, माईकमध्ये नुसता पाठीवरून फिरणाऱ्या हाताचा आवाज. कॅमेऱ्यात तो हात दिसत नव्हता. कानसेननं तो तीनदा ऐकला होता.

"मॅडम, त्या हसल्या नव्हत्या."

"मला माहितेय हो! प्रेक्षकांना कुठं माहितेय? उद्या कुणाला घराबाहेर काढायचं त्याचं मतदान आहे, कुणीतरी दुष्ट लागतंच."

"त्यांना परत वॉर्डात जायचंय. हे बघितल्यावर पेशंट सुई टोचून घेतील का त्यांच्या हातून?"

"तो माझा प्रश्न नाही, आणि तुमचाही नाही. तुम्ही नाही केलंत तर शेजारच्या खोलीतला करेल."

"करू दे. माझ्या हातून व्हायचं नाही. आणि या भागावर माझं नावही नको."

"नाव एकदा गाळलं की परत येत नसतं, काका."

"नको येऊ दे."

न उघडलेला डबा उचलून तो घरी निघाला.

आठ वाजता घरी टीव्ही लागला. तिसऱ्या हुंदक्यावर हसू आलंच. सांधा कच्चा होता, हसण्यामागं कढई चरचरत होती. पण ते कळायला कानसेनचेच कान हवेत.

"काय मेली बाई आहे!" बायको म्हणाली. मग त्यानं तिला खरं काय ते सगळं सांगितलं.

"म्हणजे काम गेलं?"

"गेलंच समज."

ती पानं घ्यायला आत गेली.

त्याची आई हा कार्यक्रम बघत नसे. शेवटी नावं सरकतात तेवढ्यापुरती ती रोज चष्मा लावून पुढे यायची, मुलाचं नाव वाचायची आणि मगच जेवायची. आजही आली. नावं सरकली, संपली.

"गेलं का रे? मला दिसलं नाही."

"नव्हतंच, आई. एका बाईवर खोटं रचायला सांगितलं. मी नाही म्हटलं."

आईनं चष्मा काढून मिटला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. कानसेनचा ऊर भरून आला. इतकी वर्षं नाव सरकताना बघूनही तो असा कधी भरला नव्हता.

"सूनबाई," आईनं आत हाक मारली, "उद्यापासून मला लवकर वाढत जा गं."