नजातचा मसाला

कतारमधल्या अल रय्यानमध्ये आमच्या शेजारी मोरोक्कोची नजात राहते. तिने मला एकदा पुडीभर रास एल हनूत दिला, तिच्या आईने वीसेक जिन्नस कुटून केलेला मसाला. त्याला गुलाबाचा वास येत होता. चिकनमध्ये गुलाब कसला घालायचा, म्हणून मी तो फेकून दिला.

आठवड्याने तिने विचारलं, "कसा वाटला?"

"फार छान! मुलांना आवडला," मी खोटंच बोलले.

ती खुलली आणि घरातून बरणी घेऊन आली.

"लिझी, उरलेला तूच घे. आई मार्चमध्ये गेली. मला तो वापरवत नाही."

त्याच दुपारी मी त्या मसाल्याचं चिकन करून तिच्याकडे नेलं. पहिल्याच घासाला तिला रडू फुटलं. मी तिचा हात धरून बसले, पण खरं सांगायचं धाडस काही झालं नाही.