अप्पांचा खराब रस्ता

रस्ते खात्यातून अप्पा निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता हा माणूस जरा पाय पसरून बसेल. अप्पांनी पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराच्या फरशीचा ढाळ तपासला, तो उलटा आहे असं जाहीर केलं आणि फरशी उखडायला घेतली. मग गच्चीचा नंबर लागला. मग शेजाऱ्यांच्या फाटकासमोरचा उंचवटा त्यांनी कुणाला त्रास नको म्हणून स्वतःच्या हातानं खणून सपाट केला. पावसाचं पाणी दारात शिरू नये म्हणून शेजाऱ्यांनी तो मुद्दाम घातला होता, हे अप्पांना पाणी शिरल्यावर कळलं.

माई, म्हणजे अप्पांची बायको, स्वभावानं फार सोसणारी. पण स्वयंपाकघराचा ओटा एका अंगाला कललाय असं म्हणत अप्पा हातात ढाळ मोजायची लेव्हल घेऊन आत आले, त्या दिवशी तिनं लेकीला फोन लावला. आवाज न चढवता सांगितलं, की तुझ्या वडिलांना काहीतरी काम दे, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते.

लेकीचं घरातलं नाव चिमी. ही चिमी आता तिच्या छातीला लागतील एवढ्या चाकांची जीप चालवत होती आणि जीपवाल्यांच्या एका क्लबात होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत क्लबला एक मार्ग बांधायचा होता. शर्यतीचा नव्हे. इथं जितकं हळू जाल तितकं तुमचं कसब. मोठमोठे खडक रचायचे आणि त्यांच्यावरून जीप गोगलगायीसारखी, एकेक चाक चाचपत न्यायची. खऱ्या डोंगरात गाड्या घालायला आता मनाई झाली होती, तेव्हा डोंगरच खाणीत आणायचा असं ठरलं. समितीच्या मनात या कामासाठी बाहेरचा एक नावाजलेला माणूस होता. चिमीनं भर बैठकीत शब्द टाकला, की आधी माझ्या वडिलांना करू द्या, दगडमातीत जन्म गेलाय त्यांचा. समिती कशीबशी तयार झाली.

हे सगळं ऐकताना अप्पा हळूहळू ताठ होत गेले.

“म्हणजे रस्ता करायचा.”

“हो. पण खराब.”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “खराब म्हणजे किती खराब?”

“तुम्हाला जमेल तेवढा,” चिमी म्हणाली, आणि आत माईला ठसका लागला. अप्पांच्या रस्त्यांवरून जाताना लोक त्यांचा कसा उद्धार करायचे, हे तिनं उभ्या संसारात पुष्कळ वेळा कानांनी ऐकलं होतं. हे काम म्हणजे यांच्या हातचा मळ, असं तिला मनापासून वाटलं.

कामाला एक क्रेन आणि एक क्रेनवाला मिळाला. हा गडी शांत, तोंडात सतत वेलची, आणि साहेब म्हणतील ते बरोबर असं मानणारा. तो साखळीला खडक अडकवायचा, वर उचलायचा आणि थांबायचा. अप्पा खाली उभे राहून हातानं खूण करायचे, फिरव, अजून फिरव, आता सोड. खडक बसला की अप्पा त्याच्यावर चढून दोन्ही पायांनी डुगडुगतो का बघायचे. डुगडुगला की खाली कपच्या ठोकायच्या. शेवटी वरून पाणी ओतून ते कुठून वाहतं तेही पाहायचे. काम पुरं झालं तेव्हा खाणीच्या तोंडाशी असा काही अक्राळविक्राळ ढीग उभा राहिला, की क्रेनवाल्यानं नकळत त्याला नमस्कार केला.

मार्ग पसंत करायचा अधिकार एकाच माणसाकडे होता. त्यांना सगळे घोरपडकाका म्हणत, कारण त्यांची जीप उभ्या कड्यालाही चिकटून राहायची. काकांचा नियम साधा होता. मार्गात ते एकदा तरी अडले पाहिजेत, आणि अडल्यावर कुणाचाही हात न लागता आपले आपण सुटले पाहिजेत. न अडता गेले तर मार्ग नापास. दोर लावून ओढावं लागलं तरी नापास.

काका निघाले आणि थांबले ते थेट पलीकडे. मध्ये एका खडकावर त्यांनी गाडी हळू केली, पण ती बाहेर वाकून फोटो काढायला.

“अप्पा, फारच छान,” उतरल्यावर ते म्हणाले. “पुढच्या वेळी सासूबाईंना आणतो. त्यांना जिना चढायला त्रास होतो, इथं बरं पडेल.”

सगळे हसले. चिमी हसली नाही. अप्पांनी ढिगाकडे नीट पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की एकूणएक खडक त्यांनी सपाट बाजू वर करून बसवलाय. लांबून बघावं तर डोंगर, आणि चढून बघावं तर पायऱ्या. वर पाणी साचू नये म्हणून बारीकसा ढाळसुद्धा दिलेला. हे त्यांनी ठरवून केलंच नव्हतं. हातांनी परस्पर करून टाकलं होतं.

अप्पांना राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी सगळं उलटंपालटं केलं. सुळके वर, सपाट बाजू खाली, कपच्या हद्दपार. दोन खडकांच्या मधल्या फटी अशा की त्यात एखादी म्हैस बसावी. या खेपेला काकांची जीप जेमतेम आत शिरली आणि पोटावर टेकली. चारही चाकं हवेत गरगर फिरत राहिली, उताण्या पडलेल्या झुरळाच्या पायांसारखी. शेवटी क्रेनवाल्यानं साखळ्या लावून काकांसकट जीप उचलली आणि बाजूला ठेवली.

“वरून खाण फार सुंदर दिसते,” काका खाली आल्यावर म्हणाले. एवढंच म्हणाले.

समितीनं मात्र पुष्कळ काही म्हटलं. आता एकच संधी, ती गेली की बाहेरचा माणूस येणार, आणि यापुढे चिमीनं बैठकीत कुणाच्या वडिलांची नावं सुचवू नयेत. चिमीनं हे अप्पांना सांगितलं नाही. क्रेनवाल्यानं सांगितलं. अप्पांना त्या रात्री जेवण गेलं नाही. घरी बसावं लागेल याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं, म्हणजे होतंच, पण लेकीनं चारचौघांत आपल्यासाठी शब्द टाकला आणि आपण तिला खाली पाहायला लावलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी चिमीनं त्यांना जीपमध्ये शेजारी बसवलं. अप्पांचा सगळा जन्म रस्ता वरून बघण्यात गेला होता. गाडी ढिगाबाहेरच्या एका खडकावर चढायला लागली तशी त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

“मिटलेलेच ठेवा,” चिमी म्हणाली. “तसंच बरं.”

डोळे मिटल्यावर त्यांना बुडाखालून सगळं कळायला लागलं. भार डावीकडे गेला. पुढचं चाक काहीतरी शोधत होतं, काळोखात जिना उतरताना माणसाचा पाय शोधतो तसं. निसटलं. परत शोधलं. चिमीनं गाडी जराशी मागे घेतली, तिरकी केली, आणि चाकाला एकदम आधार मिळाला. तो तिथं होताच. समोरून येणाऱ्याला तेवढा सापडत नव्हता.

“अप्पा, रस्ता तर पाहिजेच,” ती म्हणाली. “फक्त तो दिसायला नको.”

अप्पांनी लेव्हल घरी ठेवली. माईनं ती कपाटात मागे, शालींच्या खाली सरकवली. पुढचे दिवस अप्पांनी खाणीत अक्षरशः रांगून काढले. दोन हात आणि दोन गुडघे ही चार चाकं, आणि ते प्रत्येक खडकावरून स्वतः जाऊन बघायचे. जिथं समोरून गेलं की घसरतं आणि तिरकं गेलं की पकड मिळते, असा खडक सापडला की त्याला जवळजवळ कुरवाळायचे. तसा सापडला नाही तर क्रेनवाल्याला तो केसाएवढा फिरवायला लावायचे. क्रेनवाल्यानं आयुष्यात केसाएवढं काही फिरवलं नव्हतं, पण साहेबांचा एकंदर अवतार बघून तो वाद घालत नसे.

एकदा माई डबा घेऊन आली, तर नवरा दोन खडकांच्या मध्ये ओणवा, एक पाय हवेत. तिनं आधी क्रेनवाल्याला विचारलं, हे असे कधीपासून आहेत.

“सकाळपासून, ताई.”

माई जवळ गेली. “अहो, जेवायला येणार आहात ना?”

“उजवा पाय टेकला की येतो,” अप्पा म्हणाले.

तिनं डबा सावलीत ठेवला आणि बाजूला बसून राहिली. ओट्यापेक्षा हे खूप बरं होतं.

शेवटच्या परीक्षेला सगळा क्लब जमला. बाहेरच्या त्या नावाजलेल्या माणसाला पण कुणीतरी बोलावलं होतं, आणि तो छत्रीखाली उभा राहून खडकांकडे आपलेच असल्यासारखं पाहत होता. परीक्षा चालू असताना चालकाला कुणी काही सुचवायचं नाही, म्हणून चिमी समोरच्या काठावर ओठ आवळून उभी होती.

घोरपडकाकांनी पहिला चढ घेतला. दुसऱ्या वळणावर ते जरा थबकले, आणि अप्पांना बरं वाटलं. मग दोन मोठ्या खडकांच्या बेचक्यात जीप शिरली आणि अडली. मागचं एक चाक अधांतरी, पुढचं एक जागच्या जागी फिरतंय, दगडाची भुकटी उडतेय. काकांनी एकदा जोर केला, दोनदा केला. जीप हलेना.

आणि अप्पांचे हात शिवशिवायला लागले. अडलेली गाडी त्यांना कधी बघवलीच नव्हती. नोकरीत असताना ते कचेरीची जीप थांबवून परक्यांच्या मोटारी ढकलायचे, आणि बैठकीला चिखलानं माखून पोचायचे. आताही त्यांचं त्यांना कळायच्या आत ते वाकले होते, एक चांगली पाचरीसारखी कपची त्यांच्या हातात आली होती, आणि ते जीपपासून हातभर अंतरावर उभे होते. ही कपची त्या चाकाखाली गेली की गाडी सुटणार होती. आणि चिमीचा शब्द पुन्हा एकदा वाया जाणार होता.

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. चेहरा लाल, घाम गळतोय.

“अप्पा, तेवढा दगड सरकवा की. कोण बघतंय?”

सगळे बघत होते. अप्पांनी काठावर पाहिलं. चिमी हललीसुद्धा नाही.

“नाही,” अप्पा म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून त्यांनी परत म्हटलं, “नाही. रस्ता आहे.”

“कुठं आहे रस्ता?”

“ते सांगायचं काम माझं नाही.”

असं वाक्य अप्पांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मागे नेले, कपचीसकट. मागून आलेल्या माईला ती दिसली. लहान मुलाच्या मुठीतून खडू काढून घ्यावा तशी तिनं ती कपची त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. मग त्यांचा रिकामा हात धरून ठेवला.

काका पुटपुटले. पुटपुटत त्यांनी जीप वीतभर मागे घेतली आणि चाक वळवलं. घसरले. अजून वळवलं, बाजूच्या खडकाला आरसा घासण्याइतकं. चाक चाचपडलं, निसटलं, पुन्हा चाचपडलं, आणि टेकलं. जीप एखाद्या म्हाताऱ्यासारखी कण्हत उठली आणि बाहेर आली.

पुढचा भाग काकांनी कसा पार केला, हे अप्पांना नंतर कधी आठवलं नाही. काका उतरले ते बोलतच. हा काय रस्ता आहे, माणसाच्या कमरेचा काही विचार, कुणाच्या डोक्यातून निघाला हा छळ, करणाऱ्याला यावरून रोज न्यायला हवं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी आधी कुठल्या ना कुठल्या चौकात ऐकलं होतं. पण ते संपू नये असं आज पहिल्यांदाच वाटत होतं.

“पास,” काका शेवटी म्हणाले आणि एका खडकावर मटकन बसले. “फक्त इथून फाटकापर्यंतचं तेवढं सपाट करून द्या. मला आता गाडीत बसून हादरे सोसवणार नाहीत.”

अप्पांनी फाटकापर्यंतच्या त्या पट्ट्याकडे पाहिलं. खड्डे होते, चाकोऱ्या होत्या, एका बाजूला पाणी साचत असणार हे उघड दिसत होतं. दिवसभराचं काम. त्यांची बोटं माईच्या हातात जराशी हलली.

“ते चिमीला विचारावं लागेल,” ते म्हणाले.

चिमी काठ उतरून आली होती. बाहीनं डोळे पुसत तिनं त्या पट्ट्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“तिथं काही सपाट करायचं नाही,” ती म्हणाली. “पुढचा टप्पा तिथंच येणार आहे. तोही अप्पाच करतील.”

घोरपडकाकांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. छत्रीवाल्यानं छत्री मिटली. आणि माईनं, इतक्या वर्षांत कधी केली नव्हती एवढी घाई करत, क्रेनवाल्याला विचारून घेतलं की तो उद्या किती लवकर येऊ शकेल.