फुगवलेली बाटली

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली शिफ्ट सुटली होती, चाकणकडून येणाऱ्या कंपनीच्या बसेस रस्त्यातच माणसं उतरवत होत्या आणि सगळ्यांची तोंडं कबड्डीच्या मॅटकडे नाही, स्टेजकडे वळलेली. स्टेजशेजारी दोन मजली उंच हवेची बाटली डुलत होती. बाटलीवर डरकाळी फोडणारा वाघ, खाली नाव ‘रणझुंजार सोडा’. स्पर्धेचा प्रायोजक तोच.

कानाला माइक लावलेला एक तरुण स्वतःला कॅप्टन निरंजन म्हणवत होता. ताकद जिममध्ये मिळत नाही भावांनो, ताकद रक्तात असते, रणझुंजार ती फक्त जागी करतो, असं त्याचं चाललेलं. रक्तातच आहे तर सोडा कशाला, हे कुणाला सुचलं नाही. त्यानं प्रज्वलला वर बोलावलं. प्रज्वल माझा बारावीचा विद्यार्थी, गावाचा हुकमी चढाईपटू. पाय जुळवून, दोन्ही हात बाजूला ताठ पसरून त्याला उभं केलं आणि निरंजननं एका मनगटावर दाब दिला. चौघांना न आवरणारा पोरगा भेलकांडला. मग त्याला कपभर सोडा पाजला, डोळे मिटायला लावले, पुन्हा दाब दिला. पोरगा खांबासारखा उभा. शिट्ट्यांनी कान किटले.

उद्घाटनाचा नारळ फोडला होता प्रज्वलच्या आजीनं, सुभद्राबाईंनी. हे माझ्या जिवाला फार लागलं. मुलगा दारूनं गेल्यावर याच बाईनं गावात दारूबंदीचं मतदान घडवून आणलं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती, उभी बाटली आणि आडवी बाटली. बायांनी आडवीवर शिक्के मारून गावातलं दुकान बंद पाडलं. आता त्याच गावात केवढी तरी बाटली उभी होती आणि सुभद्राबाई म्हणाल्या, “सोडाच हाय की बाई. लिवलंय तसं.”

मी चित्रा, इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. लिंबातलं रक्त झालं, हातातून पडणारी राख झाली, सगळं फोडून सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आलाय. एक बुवा गेला की दुसरा हजर. प्राचार्यांकडे विषय काढला, तर मॅट सोडावाल्यांनी दिल्यात मॅडम, जाऊ द्या, असं ऐकायला मिळालं. मीही जाऊच देणार होते. पण सोमवारी तास संपल्यावर प्रज्वल रेंगाळला. रविवारी अंतिम सामना होता आणि जिल्हा संघाची निवड करणारे बघायला येणार होते.

“मॅडम, हायवेच्या वाइन शॉपात रणझुंजार व्हिस्की मिळते. वाघ तोच,” तो म्हणाला. “पोरं म्हणतात, नुसत्या सोड्यानं एवढी ताकद येते, तर खरा माल घेतला तर काय होईल? आम्ही आणून ठेवलीय. फक्त फायनलपुरती.”

तो अगदी सरळपणे सांगत होता. याच्या बापानंही कधीतरी फक्त आजच्यापुरतीच घेतली असणार.

दुसऱ्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. प्रज्वलला वर्गापुढे हात पसरून उभं केलं आणि मनगट दाबलं. तो कलंडला. मग त्याच्या मुठीत खडू दिला, म्हटलं हा मंतरलेला आहे, आणि पुन्हा दाबलं. तो जागचा हलला नाही. मग फोड करून सांगितलं. पहिल्यांदा मी हात खाली दाबताना किंचित बाहेर ओढला. पाय जुळलेले, आधार वीतभर, तोल त्याच्या बाहेर गेला की कुणीही पडणार. दुसऱ्यांदा दाबताना तेवढंच अंगाकडे ढकललं, म्हणजे वजन सरळ त्याच्याच पायांवर. शिवाय आता धक्का येणार हे त्याला ठाऊक होतं. बाकांमधल्या जागेत पोरंपोरी एकमेकांना पाडू लागली.

गलका शमल्यावर मी विचारलं, हा सोडा दुकानात कुणी पाहिलाय? कुणीच नाही. जो माल मिळतच नाही, त्याच्यासाठी एवढा मांडव कशाला घातला असेल? मागून निशिगंधा म्हणाली, “मॅडम, दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून नाव आणि वाघ तेवढा दाखवायचा, बाकीचं आपण ओळखायचं.” एवढं ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी मला शिकवण्याचा कंटाळा आला नाही.

पुढचं प्रज्वलनं केलं. शनिवारी ती आणून ठेवलेली बाटली त्यानं आजीच्या हातात दिली, सगळं कबूल केलं आणि आजीला हात दाबायचा प्रयोग शिकवला. सुभद्राबाई किती तरी वेळ बाटलीवरचा वाघ बघत राहिल्या, असं तो म्हणाला.

रविवारी निरंजननं अंतिम सामन्याचा नारळ फोडायला त्यांना सन्मानानं वर बोलावलं. नारळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, आधी तू हात पसर. लोक हसले. आजीबाईंच्या हौसेखातर निरंजननं सोडा पिऊन हात पसरले. त्याच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या बाईनं मनगट बाहेर ओढून दाबलं आणि कॅप्टन दोन पावलं धडपडला. मग त्यांनी त्याला नळाचं पाणी पाजलं आणि हात अंगाकडे दाबला. तो उभा राहिला. हसणं थांबलं होतं.

“सोड्यानं पडला आन् पान्यानं उभा ऱ्हायला,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “माझा ल्योक असल्याच बाटलीपायी गेला. आमी बायांनी बाटली आडवी केली व्हती. म्याच येडी, नारळ फोडून पुन्यांदा उभी केली.”

मग पायऱ्या उतरून त्या बाटलीत हवा भरणाऱ्या पंख्याकडे गेल्या आणि त्याच्या वायरची पिन उपसली. आधी बाटलीचं झाकण वाकलं, मग वाघाचा जबडा दुमडला आणि सगळं कापड मैदानात आडवं झालं. टाळ्या थोड्याच वाजल्या. पुढच्या वर्षी मॅट कोण देणार, असं कुणीतरी ओरडलं.

सामान आवरताना निरंजन माझ्याजवळ आला. पिंपळे सौदागरला राहतो, दिवसाच्या हजेरीवर हे काम करतो, असं सांगत होता. “मॅडम, बीएस्सीला मलापण फिजिक्सच होतं,” जाता जाता म्हणाला. मला त्याचा राग येईना.

अंतिम सामना आम्ही थोडक्यात हरलो. लगेच एकानं टोमणा मारला, घेतली असती तर जिंकला असता. प्रज्वल घाम पुसत म्हणाला, “माझा पाय रेषेला लागला, भाऊ. घेतली असती तर मला रेषाच दिसली नसती.” निवडीचं अजून काही कळलेलं नाही.

दुसरी बाटली येईल, तिच्यावर वाघाऐवजी गरुड असेल, हे मला माहीत आहे. मी थकलेय, पुन्हा पुन्हा तेच सांगायचा वीट आलाय, तरी सांगते. कुणी बाटलीतून ताकद द्यायला लागला की त्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याचा हात कुठे दाबतोय ते बघा. आणि हा नेमकं काय विकायला आलाय, हे मोठ्यानं विचारा. सुभद्राबाईंना हे एकदा चुकल्यावर उमगलं. पोरांना चुकायच्या आधी उमगावं, एवढ्यासाठी मी उद्या पुन्हा तासावर जाणार आहे.