चार हातांचे काम

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. पीठ मळणारा मोठा उभा मिक्सर असतो ना, त्याच्या तोंडाला मला जोडतात आणि माझ्या दोन पोलादी रुळांमधून पास्त्याचे पीठ लाटून काढतात. मिक्सर नसेल तर मी जागचा हलत नाही, हे मान्य. पण मी नसेन तर त्याने मळलेला गोळा नुसता गोळाच राहील. हे मलाच सांगावे लागते, कारण मिक्सर स्वतः कधी सांगणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्या रुळांमधून एक पातळ कागद सरकवला आणि उजेडात धरून पाहिला. तो कुठेही चुरगळला नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवले. पुढे एका वायरमनच्या बायकोने मला हौसेने घरी आणले. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिची हौस दोन रविवार टिकली, मग माझी रवानगी माळ्यावर झाली. खालून मिक्सरची घरघर ऐकू यायची आणि माझ्या सोबतीला एक फाटकी सुटकेस. मला फार वाईट वाटायचे.

मग त्या घरात एक मुलगी जन्मली. तिला सगळे चिमणी म्हणत. आईवडील कामावर जाणार म्हणून चिमणीला सांभाळायला तिच्या दोन्ही आज्या आल्या. वडिलांच्या आईचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला होता. तिला मी शिवणआजी म्हणतो. आईची आई इस्पितळातल्या ऑपरेशनच्या खोलीतून निवृत्त झालेली, ती नर्सआजी. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे दोघी एकाच खोलीत. एकमेकींना त्या इतक्या अदबीने 'विहीणबाई' म्हणत, की त्यांचे पटत नाही हे शेजाऱ्यांनाही कळावे. एकीला खिडकी उघडी लागे, दुसरीच्या कानाला वारा लागे.

शिवणआजी एकदा दोऱ्यांचा डबा शोधायला माळ्यावर चढली आणि तिला मी सापडलो. तिने माझे रूळ बोटाने फिरवून पाहिले.

"हे तर आमच्या मशीनचं भावंड," ती म्हणाली.

तिने मैदा आणि अंडी मिक्सरमध्ये मळली, गोळा झाकून ठेवला आणि मग त्याची पट्टी माझ्यातून काढली. कापडाशी वागावे तशीच ती पिठाशी वागली. तिहेरी घडी घालायची, पुन्हा लाटायची, काठ सरळ येईपर्यंत सोडायचे नाही. मग रुळांमधली फट कमी करणारी माझी कळ एकेक आकडा पुढे सरकवत तिने पट्टी इतकी पातळ आणि लांब केली, की ती ओट्यावरून खाली लोंबू लागली. नर्सआजी दारातून बघत होती. तिला राहवले नाही. हात धुऊन ती पुढे आली आणि तिने दोन्ही तळव्यांवर पट्टी झेलली.

तेव्हापासून ते चार हातांचे काम झाले. आधी "सोडा", "धरलं", "थांबा" एवढेच शब्द होत. हळूहळू त्यांत सुनेच्या, जावयाच्या, गुडघ्यांच्या गोष्टी मिसळल्या. दोघींना आपापल्या नवऱ्याची आठवण एकाच वेळी आली, तेव्हा पट्टी थोडी जाड राहिली. मी कुरकुर केली नाही.

एकदा मात्र माझ्या जिवावर बेतले. नर्सआजीने मला ऑपरेशनच्या हत्यारांसारखे साबण लावून उकळत्या पाण्यात बुडवले. आत राहिलेल्या पिठाची खळ झाली आणि माझे रूळ गच्च बसले. नर्सआजी इतकी कानकोंडी झाली, की जेवायलाही बसेना. शिवणआजीने मला पंख्याखाली वाळवले आणि शिवणमशीनच्या बारीक ब्रशने फटीफटीतून कोरडे पीठ काढले. मशीनच्या तेलाची कुपी उघडली, तेव्हा मात्र नर्सआजी पुढे झाली.

"विहीणबाई, ते पोटात जायचंय."

"मग तुम्हीच सांगा, डॉक्टरीणबाई," शिवणआजी म्हणाली, आणि दोघी हसल्या. शेवटी पिठाचे दोनतीन तुकडे माझ्यातून काढून टाकून दिले आणि मी पुन्हा फिरू लागलो.

चिमणी मोठी झाली, तिची दिवसभराची शाळा ठरली. एका रविवारी आज्या पास्ता करत होत्या, तेव्हा चष्म्याच्या दुकानातली ती, म्हणजे चिमणीची आई, हळूच म्हणाली, "आई, आता दोघींची गरज नाही पडणार. तू दादाकडे राहायला जाशील? तिकडे तुला स्वतंत्र खोली मिळेल. इथे तुमची किती अडचण होते."

दादाच्या घरी सगळे सकाळी बाहेर पडत आणि अंधार पडल्यावर परतत, हे नर्सआजीनेच मागे सांगितले होते. पण ती पट्टी झेलतच म्हणाली, "जाईन की. बॅग भरायला मला कितीसा वेळ लागतो?"

बोलताना तिने पट्टी जरा जास्तच ओढली. पट्टी माझ्यातून जात होती, म्हणून मला ते कळले.

शिवणआजीने मिक्सर बंद केला. "आणि हे कोण करणार?"

"तू, आई," वायरमन म्हणाला. "मशीन विजेवर चालतं. एका माणसाचं काम आहे."

"मला नाही जमत एकटीला."

मित्रांनो, हे साफ खोटे होते. आदल्याच आठवड्यात नर्सआजी दात दाखवायला गेली असताना शिवणआजीने सगळ्या घराचा पास्ता एकटीने केला होता. डाव्या हाताने पीठ सोडायचे, उजव्याने झेलायचे. एकही पट्टी वाकडी गेली नव्हती.

"करून तर बघ," मुलगा म्हणाला.

तिने मिक्सर सुरू केला. नवी पट्टी माझ्यात सोडली आणि दुसरा हात पदराखाली घेतला. पट्टी लांबली, ओट्यावरून घसरली आणि जमिनीवर पडली. जिने जन्मात कधी गिऱ्हाइकाच्या रेशमाचे टोक जमिनीला लागू दिले नव्हते, ती शांतपणे म्हणाली, "बघ. होतं का एकटीला?"

नर्सआजीने पडलेल्या पट्टीकडे पाहिले, मग विहीणबाईंच्या पदराखालच्या हाताकडे. तिला सगळे समजले. ती वाकली, पट्टी उचलून कचऱ्यात टाकली, हात स्वच्छ धुतले आणि तळवे पुन्हा माझ्यासमोर धरले.

"सोडा," ती म्हणाली.

बॅग भरली गेली नाही. चिमणीच्या आईने तो विषय पुन्हा काढला नाही. आता माझे आकडे पुसट झालेत आणि दोघींची बोटेही मंदावली आहेत. शिवणआजीला अजूनही एकटीला जमत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांमुळे पुष्कळ कामे एकट्याने होऊ लागली आहेत, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण तुमच्या घरात कोणी रिकामे हात घेऊन दारात उभे असेल, तर एखादे काम आपल्याला जमत नाही असे खुशाल सांगा. आम्ही कोणाला सांगणार नाही.