मेव्हिसची डोलकाठी

मित्रांनो, मी एक जुनी, लाकडी, शर्यतीची नौका आहे. नाव मेव्हिस. माझ्या जातीच्या नौकांच्या शौर्याच्या गोष्टी लोक सांगतात, मी मात्र जन्माची भित्री. विलायतेतल्या वाइव्हनहो गावच्या धक्क्यावर सुतारांनी मला जिव्हाळ्याने घडवले. पण मालकाने हट्टाने डोलकाठी अडीच हात वाढवून घेतली. "मोठं शीड, म्हणजे चषक आपलाच!" त्या दिवसापासून वारा सुटला की मी बुडापासून करकरायचे.

माझे खलाशी टोल्सबरी गावचे. हिवाळ्यात खाडीतले कालवे-शिंपले काढायचे, उन्हाळ्यात मला पळवायचे. सुकाणू धरून हुकूम सोडणारा तांडेल होता जेबेझ मसेट. त्याचा मुलगा इलाय डोलकाठीच्या टोकाशी चढून वरचे शीड सांभाळायचा. आचारी इनॉक हा जेबेझचा मेहुणा, आणि त्याच्या तोंडाची टकळी सदा चालू.

जेबेझचा नियम कडक होता. शर्यतीत वारा अडू नये म्हणून सगळ्यांनी डेकवर पालथे पडून राहायचे आणि तांडेलाखेरीज कोणी अवाक्षर काढायचे नाही.

"दाजी, न बोलून मी एक दिवस मरेन," इनॉक कुरकुरायचा.

"मर खुशाल. स्टू तरी करपणार नाही!"

किनाऱ्यावरचे लोक आमची शिस्त वाखाणायचे. शिस्त कसली! जेबेझचे कान गेले होते. समोरासमोर ओठ पाहून तो वेळ मारून न्यायचा. बहिऱ्या तांडेलाला नौका कोण देणार? मी करकरले की खलाशी दचकायचे, जेबेझ मात्र ढिम्म. हे गुपित फक्त मला ठाऊक होते आणि त्याने माझा थरकाप उडायचा.

हार्विचच्या शर्यतीत वारा पिसाळला. पुढच्या नौकेने शीड कमी केले नाही, म्हणून जेबेझनेही केले नाही. इलाय वर होता. तेवढ्यात माझ्या डोलकाठीच्या बुडाशी कट् झाले.

मी भीतीने गारठले. पुन्हा कट्! पालथे पडलेले खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. तोंड कोणी उघडेना. तांडेलाने ऐकलेच असेल, असे प्रत्येकाला वाटले.

खाली स्वयंपाकाच्या खोलीत, डेकमधून आरपार उतरलेल्या काठीवर इनॉकच्या डोळ्यांदेखत भेग सरसर चढली. तो पळी टाकून वर धावला.

"दाजी! काठी तडकली! पोराला उतरवा!"

जेबेझची नजर शिडावरून हलेना.

"दाजी!"

मान वळेना. तेव्हा इनॉकच्या डोक्यात प्रकाश पडला. तो रांगत सुकाणूपाशी गेला, जेबेझचे दोन्ही गाल धरून त्याने तोंड आपल्याकडे वळवले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "काठी तडकली. इलाय वर आहे."

जेबेझने सुकाणू फिरवून माझे नाक वाऱ्याकडे वळवले, तशी शिडे सैल पडली. "इलाय, उतर!" पोरगा दोर धरून घसरत खाली आला. त्याचे पाय डेकला लागतात न लागतात तोच डोलकाठी शिडांसकट समुद्रात कोसळली.

 मग जेबेझने मुलासमोर बसून विचारले, "कधीपासून वाजत होती?"

इलायचे तळवे सोलवटले होते. "बऱ्याच वेळापासून, बा. वर हातांना कळत होतं. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय, आणि तरी तुम्ही मला वर ठेवलंय."

जेबेझने तोंड झाकून घेतले. त्यानंतर त्याने पुन्हा कधी सुकाणू धरले नाही.

पुढे मला दुसरी डोलकाठी मिळाली, चषकही मिळाले, मग माझे दिवस सरले. आता मी खाडीच्या चिखलात रुतले आहे. भरतीचे पाणी फळ्यांतून आत शिरते, तेव्हा अजून घाबरते. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या नौकांच्या भेगा वेळीच बुजवा, एवढे मागणे आहेच. आणि धोक्याचा आवाज कानी आला, तर दुसऱ्याने ऐकलाच असेल असे समजून गप्प राहू नका. वर कोणाचा तरी इलाय असतो.