लाल रंग कशाला चिकटला

तिची तीन वर्षं उंदरांच्या पिल्लांचे डोळे तपासण्यात गेली होती. पिल्लं आठवड्याची झाली की पाच दिवस जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवायची, मग साध्या हवेत आणायची. डोळ्याच्या पडद्याला वाटतं, प्राणवायू आटला. घाबरून तो नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या येतातही, पण वेड्यावाकड्या आणि गळक्या.

त्यांना बोलावणारं एक प्रथिन सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाच अडवणारं इंजेक्शन तिचा दादा दर महिन्याला दोन्ही डोळ्यांत घ्यायचा. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. सरळ काटा त्याला मध्येच वाकलेला दिसू लागला, तेव्हा दुखणं कळलं: त्याच्याही डोळ्यांत अशाच गळक्या वाहिन्या वाढत होत्या. डावा डोळा सावरला, पण उजव्याला इंजेक्शन लागू पडेनासं झालं. म्हणजे यात आणखी कुणाचा तरी हात होता. तो कुणाचा, हे आपल्याला सापडलंय अशी तिची खात्री होती.

"काय शास्त्रीणबाई, पकडला का चोर?" दादा दर रविवारी विचारायचा.

"पकडलाय. फक्त कबुली बाकी आहे."

तिचा संशय ज्या दुसऱ्या प्रथिनावर होता, त्याला लाल रंगवणारं रसायन एका छोट्या बाटलीत यायचं. जिथे गळक्या वाहिन्यांचे झुबके, तिथे लाल रंग लखलखायचा. शोधनिबंध विज्ञान-मासिकाकडे गेला होता. परीक्षकांनी एकच पुरावा आणखी मागितला: हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांत काय दिसतं?

तसे उंदीर मागवण्यात आणि वाढवण्यात सात महिने गेले. एका सकाळी तिने त्यांचा पहिला पडदा काचेवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रथिनच नाही, तर तिथे काळोख दिसायला हवा होता.

सगळं लाल होतं.

काचांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिने पुन्हा केलं. पुन्हा लाल. शेपटीचा तुकडा घेऊन त्या प्रथिनाचं जनुक तपासलं. ते खरोखरच नव्हतं. तिसऱ्यांदाही लाल, आणि रक्तवाहिन्यांचे झुबके तर पहिल्याइतकेच दाट. मग तिला उमगलं. बाटलीतलं रसायन भलत्याच कशालातरी चिकटत होतं. आणि ते प्रथिन नसलं तरी वाहिन्यांचं काही अडत नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक सरांनी चित्रं बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उंदीर बरोबर नसतील."

"तपासलेत, सर."

"मग हे चित्र द्यायचं नाही. परीक्षकांना सांगू, उंदीर वाढले नाहीत."

"पण वाढलेत ना!" तिचा आवाज चढला. "खाली पिंजऱ्यात बसलेत."

"तीन वर्षं पाण्यात घालायची आहेत का तुला?"

"ती गेलीच आहेत, सर. आता दुसऱ्या कुणाची जायला नकोत."

तिने निबंध मागे घेण्याचं पत्र लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. सर बारा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तेराव्या दिवशी सही केली, तीही मान वर न करता. तिला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसता संताप होता. बाटलीवर, सरांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. ही साधी तपासणी पहिल्याच वर्षी करायला काय धाड भरली होती?

पुढच्या इंजेक्शनला ती दादाबरोबर गेली. दवाखान्याच्या बाकावर तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इतके दिवस भलत्यालाच धरून बसली होतीस?"

"हो."

"आणि खरा कोण?"

"माहीत नाही."

दादा नेहमी अशा वेळी काहीतरी टोला हाणायचा. आज त्याने तोंड फिरवलं. "तू म्हणायचीस ना, थोडं थांब. मी थांबलो. गेल्या आठवड्यात बारीक काम बंद केलं मी. आता फक्त पट्टे आणि बॅटऱ्या बदलतो."

"मला बोलला नाहीस."

"तुझ्या कामात मध्ये कशाला यायचं म्हणून."

तिला रडू फुटलं आणि रडण्याचाही राग आला. दादाने खिशातून चुरगळलेला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला.

"पूस. आता काय करणार आहेस?"

"दुसऱ्या एका प्रथिनासाठी नवी बाटली मागवलीये. ह्या वेळी आधी तीच तपासणार."

"किती दिवस लागतील?"

"सांगत नाही," ती नाक पुसत म्हणाली. "एकदा सांगून बसले."

नर्सने दादाचा नंबर पुकारला. तो उठला, तिने पुढे केलेला हात बाजूला सारला, आणि भिंतीला धरून आत गेला.