गाठ नाई झाली पाह्यजे

देवकाबाई प्रफुलच्या मानेवर वाकून, नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीची गाठ नखानं उकलत होत्या. अंजू सिस्टरनं धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. ती नळी निसटली असती तर पोराचं रक्त आईच्या डोळ्यांदेखत फरशीवर आलं असतं.

"मावशी, काय करून राह्यल्या तुम्ही?"

"तूच तं म्हटलं होतं वं, गाठ नाई झाली पाह्यजे."

अंजूनं तसं म्हटलं होतं खरं. प्रफुल हा देवकाबाईंचा एकुलता एक. घर अल्लीपूरला, नोकरी हिंगणघाटच्या शाळेत क्लार्कची. ताप अंगावर काढला आणि दोन्ही फुप्फुसं कामातून गेली. वर्ध्याच्या दवाखान्यात त्याला यंत्रावर ठेवलं. यंत्र एका नळीनं त्याचं रक्त बाहेर घ्यायचं, त्यात ऑक्सिजन भरायचं आणि दुसऱ्या नळीनं परत सोडायचं. पण अंगाबाहेर फिरणाऱ्या रक्ताला गोठण्याची भारी खोड, म्हणून ते पातळ ठेवायचं औषध अखंड चालू. डॉक्टर मिहिरांनी हे नीट समजावलं, पण ते बाईंच्या डोक्यावरून गेलं. अंजू पडली तळेगावची, बाईंच्याच मुलखातली. तिनं आपल्या बोलीत सोपं करून, रक्ताच्या गुठळीला गाठ म्हणून सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

बाईंनी त्याचीच खूणगाठ बांधली. गावाकडे बाळंतीण अडली की घरातल्या साऱ्या गाठी सोडतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपला अंबाडा सोडला, पदराची गाठ सोडली, प्रफुलच्या मनगटातला काळा दोरा काढला. भाकरीचं फडकंसुद्धा त्या नुसतं गुंडाळून आणायच्या. व्हरांड्यातली माणसं हसायची. अंजूलाही आधी हसू आलं, मग येईना. ती तरी वेगळं काय करत होती? टॉर्च घेऊन घडोघडी यंत्राच्या काचेत गोठल्या रक्ताचा काळा ठिपका शोधायचा आणि नाही दिसला की सुस्कारा टाकायचा.

"एवढी एक गाठ राहू द्या, मावशी," ती म्हणाली. बाई घाबरून मागे सरल्या.

त्याच संध्याकाळी प्रफुलच्या नाकातून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी औषध कमी केलं, तर यंत्रात काळे धागे दिसू लागले. पुन्हा वाढवावं लागलं. इकडे आड, तिकडे विहीर. अंजूला बाईंना सांगायचं होतं, की पातळ रक्त गोठत नाही तसं थांबतही नाही. पण सकाळी सांगू, असं म्हणून तिनं ते टाळलं.

सकाळी टॉर्चचा उजेड पडूनही प्रफुलच्या डोळ्याची बाहुली आकसली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी डॉक्टरांनी देवकाबाईंना बसवून सगळं सांगितलं, आणि मग यंत्र बंद केलं.

देवकाबाई रडल्या नाहीत. मोकळे केस तसेच पाठीवर टाकून त्या आत आल्या आणि त्यांनी अंजूला हळूच विचारलं, "माह्याकडून एखांदी गाठ सोडाची राह्यली का वं?"

अंजू म्हणाली, "नाई, मावशी. तुमच्याकडून काईच नाई राह्यलं. गाठ झालीच नाई. रक्त थांबलं नाई. मी तुम्हाले ते सांगतलंच नाई."

बाईंनी मान हलवली. त्यांना किती कळलं, देव जाणे.

आता प्रफुलच्या पायांचे अंगठे बांधायचे होते. अंजूनं बँडेजची पट्टी दोन्ही अंगठ्यांभोवती घेतली, पण गाठ मारायला तिचे हात धजेनात. देवकाबाई पुढे झाल्या.

"आन इकडं, पोरी," त्या म्हणाल्या. "आता काई भेव नाई."

त्यांनी गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली, आणि सुटत तर नाही ना, म्हणून ओढून पाहिली.